शहाण्णव मेंढ्यांचा करार

तंजावरचे बृहदीश्वराचे मंदिर 1010 साली पुरे झाले. ते पुढे चालायचे कसे, याचा हिशेब राजराज चोळाने दगडावरच कोरून ठेवला. देवापुढे अखंड तेवणाऱ्या दिव्यांची तरतूद त्यात अशी आहे: एका दिव्यामागे 96 मेंढ्या, नाहीतर 48 गाई, नाहीतर 16 म्हशी. जनावरे मेंढपाळांच्या हवाली करायची आणि त्यांनी दिव्यागणिक रोज एक उळक्कू (तेव्हाचे एक माप) तूप देवळात आणून घालायचे. या मेंढ्या मरत नाहीत आणि म्हाताऱ्या होत नाहीत, असे त्या करारात धरलेले आहे. खरी मेंढी अर्थातच मरते. पण कळपात कोकरेही जन्मतात, तेव्हा आकडा 96 च्या खाली येऊ द्यायचा नाही ही जबाबदारी ज्याच्या हाती कळप आहे त्याची. रोख देणग्यांचेही तेच. रक्कम गावसभांकडे ठेवायची, दर कासूमागे सालाला अष्टमांश कासू व्याज घ्यायचे, त्यातून कापूर, वेलदोडे असला खर्च भागवायचा. मुद्दल आचंद्रार्क शाबूत. (शहाण्णव आकडा ऐकून मराठी वाचकाला कुळी आठवल्या, तर तो निव्वळ योगायोग.) हजार वर्षांपूर्वीच्या या व्यवहारात मेंढपाळाला तुपाचा धंदा करायला कोणी अडवलेले नाही. देवळाचे तूप पोचवून उरेल ते त्याचे. कळप मात्र त्याचा नाही.

हा करार आजच्या एका सरकारी पदाला लावून पाहावा, असे मला वाटते. राज्याचा पर्यावरणमंत्री हा नेमका कोणाचा माणूस? राज्यशास्त्राचे पुस्तक सांगेल, तो लोकांचा प्रतिनिधी. लोकांनी निवडून दिला, लोक घरी बसवतील. शिक्षणमंत्र्याला हे उत्तर पुरते, रस्त्यांच्या मंत्र्याला तर नक्कीच पुरते. पर्यावरणमंत्र्याला ते पुरत नाही, कारण ज्याच्या रक्षणासाठी त्याचे खाते उभे आहे त्यातल्या कशालाच मत नाही. कावेरीला मत नाही, तंजावरच्या खालच्या भूजलाला नाही, 2090 साली त्या पाण्यावर भात लावणाऱ्या बाईला तर अजून जन्मही नाही. मंत्री शपथ घेतो ती निर्भयपणे व निःपक्षपाती राहून सर्व लोकांना न्याय देण्याची. ‘सर्व लोक’ म्हणजे आज मतदारयादीत आहेत तेवढेच, असे मानले तर त्याचे काम सोपे आहे आणि व्यर्थही आहे. माझे म्हणणे असे, की हे पद प्रतिनिधीचे कमी आणि विश्वस्ताचे जास्त आहे. विश्वस्ताचा धर्म काय, हा प्रश्न तंजावरला फार जुना आहे. आणि तिथल्या मराठ्यांना तर तो इतिहासाने सक्तीने शिकवला.

आधी कायद्याकडे पाहू, कारण या बाबतीत आपला कायदा आपल्या भक्तीपेक्षा शहाणा निघाला. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ आहे हे मान्य केले. 1925 च्या मल्लिक खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ते ठामपणे मांडले. देव मालमत्तेचा धनी. पण त्याच वेळी कायद्याने देवाला अज्ञान मुलासारखे धरले: हक्क सगळे आहेत, मात्र स्वतः उठून कोर्टात जाता येत नाही, म्हणून पालक हवा. भाविकाला हे विचित्र वाटेल. जगाचा सांभाळ करणाऱ्याचाच सांभाळ करायचा! पण नदीच्या संदर्भात हीच कल्पना कामाची आहे. कावेरी देवी आहे, पतितपावनी आहे, तिला कसली घाण लागते, ही श्रद्धा आडिपेरुक्कूच्या सणाच्या दिवशी काठावर दिवे लावते आणि दुसऱ्या दिवशी गटाराचे तोंड पात्रात सोडते. पंचगंगा आणि गोदावरी यांचे आपल्याकडे काय झाले, ते सांगायला नको. सर्वशक्तिमान देवीला राखणदार लागत नाही, अज्ञान मुलाला लागतो. नदीला देव म्हणायचेच असेल, तर कायद्याने देव मानला त्या अर्थाने म्हणावे.

या विचाराचा पुढचा टप्पा 1996 च्या डिसेंबरात आला, आणि योग असा, की त्या निकालाच्या शीर्षकातच एका पर्यावरणमंत्र्याचे नाव आहे. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ. हिमाचलात बियास नदीच्या काठी एका मोटेलाने वनजमीन वापरली, आणि पुराचे पाणी आपल्याकडे येऊ नये म्हणून नदीचा प्रवाहच वळवायचे काम काढले. त्या कंपनीशी कमलनाथ यांच्या कुटुंबाचा संबंध असल्याची नोंद न्यायालयाने केली, आणि जमिनीचे काम मार्गी लागले तेव्हा केंद्रात पर्यावरण व वन खाते त्यांच्याचकडे होते. सर्वोच्च न्यायालयाने पट्टा रद्द केला आणि तत्त्व घालून दिले: नद्या, किनारे, जंगले ही सरकारच्या मालकीची नसून सरकार त्यांचे विश्वस्त आहे, ती खासगी लाभासाठी देऊन टाकता येत नाहीत. 2022 च्या एप्रिलमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने (तंजावर त्याच्याच कक्षेत येते) एक पाऊल पुढे टाकून निसर्गालाच सजीव व्यक्तीचा दर्जा जाहीर केला आणि पालकत्व सरकारवर टाकले. अशा निकालांचा व्यवहारात टिकाव लागेलच असे नाही. गंगा-यमुनेबाबतचा उत्तराखंडचा 2017 चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने काही महिन्यांतच स्थगित केला होता. मला मदुरैपेक्षा 1996 चा निकाल अधिक मोलाचा वाटतो. नदीला व्यक्ती म्हणणे सोपे आहे. ‘हे तुझे नाही’ असे सत्तेला सांगणे अवघड.

तंजावरच्या भोसल्यांना हे वाक्य इंग्रजांकडून ऐकावे लागले. 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्याचा कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. त्यांच्याकडे उरला किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख, शिवाय ठरीव नेमणूक आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. कावेरीचे कालवे, शेतसारा, न्याय, फौज, सगळे गेले. त्यानंतरच्या तेहतीस वर्षांत त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करवले, ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र बांधून वाटसरूंच्या अन्नाची आणि मुलांच्या शिक्षणाची सोय लावली, आणि 1803 साली बृहदीश्वराच्याच आवारात भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला. राजराजाने जिथे मेंढ्यांचा हिशेब लिहिला, त्याच देवळात. तो लेख म्हणजे हरलेल्या राजाची बढाई, अशी टीका करता येईल आणि ती अगदीच खोटी नाही. पण पुढचे पाहा. 1855 साली दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले, कंपनीने राज्य खालसा केले, राणी कामाक्षीबाईंनी खासगी मालमत्तेसाठी दाद मागितली, आणि 1859 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की ही राज्यसत्तेची कृती, कोर्टाच्या अधिकाराबाहेरची. मालकीचा हक्क असा पुसला गेला. टिकले ते विश्वस्तपद. आजही तंजावर पॅलेस देवस्थानाच्या 88 मंदिरांचे परंपरागत विश्वस्त भोसले घराण्यातले आहेत. जे हक्काचे होते ते गेले आणि जे सांभाळायला होते ते राहिले. राजकारणात उलटे घडते असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सरफोजींची आठवण काढायला आणखी एक कारण आहे. तमिळनाडूच्या पर्यावरणमंत्र्याच्या हाती आज काय आहे? नदीचे पाणी, बंधारे, कालवे जलसंपदामंत्र्याकडे. 2021 च्या मंत्रिमंडळात जंगल दुसऱ्याकडे, देवळे आणि त्यांच्या पुष्करणी हिंदू धर्मादाय खात्याच्या मंत्र्याकडे. प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याच्या खात्याखाली येते खरे, पण ते 1974 च्या जलकायद्याने चालते; कारखान्याच्या संमतिपत्रावर सही मंडळाची, मंत्र्याची नव्हे. मोठ्या प्रकल्पांची पर्यावरण मंजुरी दिल्लीत, आणि राज्यातल्या मंजुऱ्या देणारे प्राधिकरणही केंद्राच्या अधिसूचनेने नेमलेले. तेल, वायू, कोळसा यांचे पट्टे लिलावाला काढणेही केंद्राकडे. उरते काय? किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख.

म्हणून या खात्यातली कारकीर्द बहुधा पायरीची असते. 2016 ते 2021 या काळातले मंत्री के. सी. करुप्पणन भवानीचे आमदार, म्हणजे जिथे भवानी नदी कावेरीला मिळते तिथलेच. 2017 मध्ये नोय्यल नदीवर साबणासारखा फेस आला, तेव्हा लोक साबण वापरतात म्हणून फेस येतो, असे ते म्हणाले आणि राज्यभर त्यांची थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली नाही: प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यातल्या डिटर्जंटमुळे फेस येतो, हे शास्त्र म्हणून बरोबरच आहे. त्यांची चूक रसायनशास्त्रातली नव्हती. हीच नोय्यल तिरुपूरच्या रंगकामाचे पाणी वाहत कावेरीला मिळते, आणि 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला तिथले कारखाने बंद करण्याचा आदेश द्यावा लागला होता. मेंढ्या का घटल्या, असे विचारल्यावर मेंढपाळाने रोगाचे नाव सांगावे आणि उठून जावे, तसे ते उत्तर होते. नंतरचे मंत्री शिवा व्ही. मेय्यनाथन हे आलंगुडीचे आमदार. 2017 मध्ये हायड्रोकार्बन प्रकल्पाविरुद्ध ज्या नेडुवासल गावाने आंदोलन पेटवले, ते गाव त्याच भागातले. त्यांच्या काळात खात्याच्या नावाला ‘हवामान बदल’ जोडला गेला, आणि प्लास्टिकच्या पिशवीऐवजी लग्नकार्यात वाटतात तसली पिवळी कापडी पिशवी पुन्हा हाती घ्या, अशी ‘मीण्डुम मंजप्पै’ मोहीम सुरू झाली. 2024 च्या सप्टेंबरात त्यांना मागासवर्ग कल्याण खाते मिळाले आणि पर्यावरण खाते तेव्हाचे अर्थमंत्री थंगम थेन्नरसू यांच्या पदरात पडले. तिजोरी आणि नदी एका माणसाकडे! यात संकट दिसते तशी संधीही दिसते, पण तिकडे नंतर येतो.

इतक्या तुटपुंज्या अधिकारात राखण करता येते का, याचा दाखला कावेरीच्या खोऱ्यातच आहे. मन्नारगुडी परिसरात कोळशाच्या थरातला मिथेन काढायचा प्रकल्प आला. 2011 च्या जानेवारीत राज्य सरकारने कंपनीशी सामंजस्य करारही केला. विरोध उभा केला तो शेतकऱ्यांनी आणि नम्माळवार या वृद्ध कृषिशास्त्रज्ञाने. तंजावर जिल्ह्यातल्या एळंगाडूत जन्मलेला हा माणूस 30 डिसेंबर 2013 रोजी, पट्टुकोट्टैजवळच्या खेड्यात त्याच मोहिमेवर असताना वारला. 2015 मध्ये राज्याने प्रकल्प नाकारला. 2020 च्या फेब्रुवारीत विधानसभेने तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम आणि शेजारच्या काही तालुक्यांचे संरक्षित कृषिक्षेत्र करणारा कायदा केला: तेल-वायूच्या नव्या विहिरी, तांबे-जस्त-ॲल्युमिनियम वितळवणारे कारखाने, कातडी कमावणे, सगळ्याला बंदी. 2023 मध्ये केंद्राच्या कोळसा लिलावाच्या यादीत ओरत्तनाडू परिसरातला वडशेरी पट्टा दिसला. मुख्यमंत्र्यांनी 4 एप्रिलला पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि चार दिवसांत केंद्राने तो वगळला. सरफोजींच्या छत्राजवळची माती त्या आठवड्यात वाचली ती या कायद्याच्या जोरावर आणि लोकांच्या आवाजावर. लिलावाचा निर्णय राज्याच्या हाती असल्याने नव्हे.

पण या कायद्याचे कौतुक करताना त्यातली फट झाकू नये. आधीपासून चालू असलेल्या विहिरी त्याने जशाच्या तशा राहू दिल्या. आणि त्याने शेतीला संरक्षण दिले, नदीला नाही. या दोन गोष्टी एक नाहीत. कावेरीच्या पात्रातली वाळू तमिळनाडूत 2003 पासून सरकारी खातेच उपसून विकत आले आहे. 22 ऑगस्ट 2018 च्या रात्री मुक्कोंबूच्या बंधाऱ्याची नऊ दारे कावेरीच्या कोळ्ळिडम फाट्याच्या पात्रात वाहून गेली. आर्थर कॉटनने 1836 मध्ये बांधलेला हा बंधारा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ पूर झेलत उभा होता, आणि त्या वर्षीचे पाणी काही जगबुडीचे नव्हते. खालच्या अंगाने वाळू उपसून पात्र खोल गेल्याचा आरोप शेतकरी संघटनांनी लगेच केला. बंधाऱ्याच्या वयाचे कारण सरकारने पुढे केले. दोन्हींचा वाटा असेल. पण वाळू वर्षाला जितकी वाहून येते त्याहून जास्त काढली, तर ते तूप विकणे उरत नाही. ते मेंढ्या विकणे झाले. आणि 1934 मध्ये मेट्टूरचे धरण झाल्यापासून वरून येणारा गाळ आधीच अडलेला आहे, म्हणजे कोकरेही कमी.

आता आक्षेप. सर्वांत जड आक्षेप असा, की हा सगळा देवळाचा आदर्श ज्या समाजाने घडवला, तो समाज न्यायी नव्हता. देवाच्या नावाने लावून दिलेल्या जमिनी कसणारे हात दलितांचे होते आणि उत्पन्न वरच्यांचे. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात 25 डिसेंबर 1968 ला मजुरी वाढवून मागणाऱ्या शेतमजुरांची 44 माणसे, बहुतेक बायका-मुले, एका झोपडीत जाळली गेली. ‘आचंद्रार्क’ या शब्दाने जमीन टिकली तशी जातही टिकली, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढता येत नाही. पण यातून विश्वस्ताची कल्पना बाद होत नाही. लाभधारकांची यादी बाद होते. तूप कोणाच्या दिव्यात जाते हा एक प्रश्न आणि मेंढ्या शाबूत राहतात का हा दुसरा. चोळांनी दुसऱ्याचे उत्तर चोख दिले, पहिल्याचे अन्यायाने. आजच्या मंत्र्याला दोन्हींची उत्तरे द्यायची आहेत, आणि त्यात विरोध नाही: भूजल खारावले, नदी आटली की आधी उठते ते भूमिहीन मजुराचे घर. जमीनवाल्याकडे तिरुचीत फ्लॅट असतो.

दुसरा आक्षेप लोकशाहीवाद्यांचा. न जन्मलेल्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मंत्र्याला दिला कोणी? उद्याच्यांचे नाव घेऊन तो आजच्या गरिबांची नोकरी हिरावून घेईल. शंका रास्त आहे, आणि ‘पर्यावरण’ म्हणत झोपडपट्ट्या हटवणाऱ्यांनी ती खरीही करून दाखवली आहे. याचे उत्तर मला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडते. आरमाराला लाकूड हवे, आणि आंबा-फणसाचे लाकूड कामाचे, हे ते मान्य करतात. तरी रयतेच्या त्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा ग्रंथ. त्यात झाड वाचवणे आणि गरिबाचा हक्क वाचवणे एकाच आज्ञेत बसले आहे, कारण दोन्हीकडे लुटणारा एकच, घाईतली सत्ता. विश्वस्ताला उपभोग थांबवण्याचा अधिकार कोणी दिलेला नाही. मुद्दल मोडणाऱ्याला अडवण्याचा आहे, आणि तो अधिकार आहे कसला, कर्तव्यच आहे.

तिसरा आक्षेप साधा आहे: अधिकारच नसतील तर राजीनामा द्यावा, खुर्ची उबवून विश्वस्तपणाचे सोंग कशाला? इथे तंजावरचाच जुना प्रसंग उपयोगी पडतो. दक्षिणेतल्या पराभवानंतर व्यंकोजीराजे उदास झाले, राजकाजातून मन काढून वैराग्याच्या वाटेला लागले, तेव्हा शिवाजीमहाराजांनी त्यांना खरमरीत पत्र लिहून कामाला लागायला सांगितले. थोरल्या भावाच्या त्या उपदेशात धाकट्यावरच्या वर्चस्वाचा सूर आहे, हे नाकारत नाही. राज्याचा वाटा मागायलाच तर महाराज तिकडे गेले होते. तरीही अधिकार घटला म्हणून कर्तव्य घटत नाही, हा त्यातला मुद्दा पक्का आहे. राजीनाम्याने हात स्वच्छ राहतात, कळप दुसऱ्याच्या हाती जातो, इतकेच. राजीनाम्याला अर्थ येतो तो एकाच ठिकाणी: मेंढी विकण्याच्या कागदावर सहीची वेळ येते तेव्हा. त्याआधी करण्यासारखे पुष्कळ असते. प्रदूषण मंडळावर माणसे कोणती बसतात, पाहणीचे आकडे लोकांपुढे येतात की कपाटात जातात, केंद्राच्या यादीवर हरकत वेळेत जाते की लिलाव झाल्यावर, मंत्रिमंडळाच्या बैठकीत वाळूच्या प्रस्तावावर विरोधाची नोंद होते की नाही, यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज लागत नाही.

आणि हिशेब. तमिळनाडूत दरवर्षी अनुदानाच्या मागण्यांबरोबर प्रत्येक खात्याची धोरण टिपणी विधानसभेत मांडली जाते. पर्यावरण खात्याच्या टिपणीत योजना असतात, खर्च असतो, लावलेली रोपे, भरवलेल्या कार्यशाळा, वाटलेल्या पिशव्या असतात. हे सगळे तुपाचे आकडे. तंजावरच्या दगडावर आधी मेंढ्या मोजल्या आहेत, तूप मागाहून येते. पात्रात वाळूचा थर गेल्या वर्षी किती होता आणि यंदा किती, किनाऱ्यालगतच्या गावांत खारे पाणी जमिनीखाली कुठवर आत आले, किती एरी आणि कुळम (तळी) गाळाने किंवा अतिक्रमणाने नकाशावरून गेली, हे गाववार छापले तर मंत्र्याच्या विरोधकांना आयते कोलीत मिळेल, म्हणून कोणी छापत नाही. पण ज्या माणसाकडे अर्थ आणि पर्यावरण ही दोन्ही खाती एकत्र येतात, त्याला कर्जाची शिल्लक आणि महसुली तूट दरवर्षी छापावीच लागते, ती कितीही गैरसोयीची असो. त्याच कागदपत्रांच्या गठ्ठ्यात नदीच्या मुद्दलाचे एक पान जोडायला त्याला दिल्लीची परवानगी लागणार नाही.